वाल्डेमार हाफकिन: आधी स्वतःला टोचलेली लस

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण ऐकलेले असते. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. मग भायखळा तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. त्यांच्यात प्लेग कमी आढळला. आज मात्र कैद्यांची अशी संमती सहज ग्राह्य धरली जात नाही.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग-बंदोबस्ताच्या सक्तीने लोक संतापले. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतील लसीमुळे धनुर्वात होऊन १९ जण दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज लसीच्या चाचणीसाठी विचारणा झाली, तर संमतीपत्र नीट वाचा, घरच्यांशी बोला, धोके विचारा. नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे.