हम्फ्री डेव्ही आणि मामांचा ट्रक

हम्फ्री डेव्ही म्हटलं की आपल्याला खाणीतला सेफ्टी लॅम्प आठवतो. शाळेत तेवढंच शिकवतात. १८१५ चा तो दिवा, आणि त्याचं पेटंटही या माणसाने घेतलं नाही! मला मात्र आवडतो तो नंतरचा, तोंडावर आपटलेला डेव्ही.

जन्म १७७८, इंग्लंडच्या टोकाला पेन्झान्स गावात. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते लवकर गेले आणि पोरगा एका सर्जनकडे उमेदवारीला लागला. कॉलेज नाही, डिग्री नाही. (सबमिशनच्या आठवड्यात हेवा वाटतो.) तरी १८०७ मध्ये विजेच्या जोरावर त्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे काढले, आणि १८२० ला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

त्या वेळी ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांना खालून तांब्याचा पत्रा मारत. समुद्राचं पाणी तो खायचं. १८२३ च्या सुमारास हे कोडं डेव्हीकडे आलं. त्याने ओळखलं, की खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरीच तयार होते. एक झिजतो, दुसरा वाचतो. मग तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा तुकडा जोडला तर?

हे वाचलं आणि मला मामांचा ट्रक आठवला. जुना ट्रक उद्यमनगरात नव्याने बांधायला दिलाय. मामांचा हट्ट असा, की ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पितळी पट्ट्या हव्यात. कोल्हापुरी थाट! पण आपल्या पावसात त्या जोडीत ॲल्युमिनियमच मरणार, पांढरी भुकटी होऊन. पितळेखाली रबराची पट्टी हवी, आणि स्क्रूला नायलॉनचा बुश-वॉशर. नाहीतर करंट स्क्रूमधून वाट काढतोच. मिस्त्रींना पटलंय. मामा खर्चावर अडलेत.

तर डेव्हीचा प्रयोग. तांबं खरंच वाचलं! पण थोडंथोडं विरघळणारं तांबंच आजवर शेवाळ आणि शिंपल्यांना मारत होतं. ते विरघळायचं थांबलं, बुडाला जंगल माजलं आणि जहाजं मंदावली. १८२५ मध्ये नौदलाने तुकडे काढायला लावले. डेव्हीची यथेच्छ टिंगल झाली. पुढच्याच वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि १८२९ मध्ये, पन्नाशीतच, तो जिनिव्हात वारला.

नंतर पोलादी जहाजं आली, शेवाळ मारायचं काम विषारी रंगाकडे गेलं, आणि डेव्हीचं जस्त पुन्हा बुडाला बसलं. आजही बसवतात, झिजलं की बदलतात.