मनाची जागा शोधणारे शल्यविशारद पेनफिल्ड

अमेरिकेत १८९१ साली जन्मलेले वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. त्याआधी, १९२८ मध्ये, सख्ख्या बहिणीच्या मेंदूतील गाठीवर त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली होती. गाठ पूर्ण निघाली नाही. अपस्माराच्या रुग्णांना जागे ठेवून ते उघड्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाचा स्पर्श करीत. हात हाले, विसरलेले संगीत ऐकू येई. मात्र हात आपण नव्हे, डॉक्टरांनी हलवला, असे रुग्ण सांगत. इच्छा वा निर्णय जागवणारे स्थान त्यांना सापडले नाही. मनाचा उलगडा मेंदूतच होईल, या अपेक्षेने काम करणाऱ्या पेनफिल्ड यांनी १९७५ च्या ग्रंथात मनाला स्वतंत्र तत्त्व मानण्याकडे कौल दिला. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, हा त्यावरील आक्षेप रास्तच. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.