जनुकाच्या प्रतीचा माग काढणारे हॉल्डेन

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत सिकलसेल हा शब्द आता कोणाला नवा राहिलेला नाही. गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि काही बिगरआदिवासी समाजांतही हा रक्ताचा आजार आढळतो. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. हा रोग संसर्गाने होत नाही. आईवडिलांकडून मुलाला जनुकाची जी प्रत मिळते, तिच्यातूनच तो येतो. ही प्रत कशी निघते, तिच्यात चूक कशी शिरते आणि शिरलेली चूक समाजात टिकून का राहते, या प्रश्नांचा अनेक दशके मागोवा घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. जन्माने ते ब्रिटिश होते आणि मृत्युसमयी भारतीय नागरिक.

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूंचा ते अभ्यास करीत आणि धाकट्या जॉनलाही सोबत खाणीत नेत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची हिंमत मुलाने वडिलांकडूनच घेतली. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, तरीही पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि जनुकशास्त्राला गणिताची भक्कम बैठक देणाऱ्या मोजक्या विद्वानांत त्यांची गणना होऊ लागली.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. त्याच काळात, १९१५ मध्ये, बहीण नाओमी आणि एका सहकाऱ्यासह त्यांनी उंदरांवरील एक निबंध प्रसिद्ध केला. काही गुणधर्म पिढ्यानपिढ्या जोडीनेच उतरतात, हे त्यात दाखवले होते. १९३५ मध्ये त्यांनी त्याहून अवघड काम हाती घेतले. रक्त न गोठण्याच्या हिमोफिलिया या विकाराची नोंद तपासून, माणसाच्या जनुकात नवा बदल किती वेळा घडतो याचा अंदाज त्यांनी बांधला. एका पिढीत साधारण ५० हजारांत एक, असे ते प्रमाण निघाले. १९४७ मध्ये त्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. असे बदल स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक घडतात, कारण शुक्रपेशी तयार होताना पेशींचे विभाजन कितीतरी अधिक वेळा होते. प्रत्येक विभाजनात जनुकाची नवी प्रत काढावी लागते आणि जितक्या प्रती अधिक, तितकी चुकीची संधीही अधिक.

त्या वेळी डीएनएची रचना कोणालाच ठाऊक नव्हती. तरीही प्रत आणि मूळ यांतील भेद प्रयोगाने कसा ओळखावा, याची युक्ती हॉल्डेन यांनी १९४१ मध्येच सुचवली होती. पेशीला नेहमीपेक्षा जड नायट्रोजन असलेले खाद्य द्यावे. नव्याने तयार झालेल्या जनुकात तो सापडेल, जुन्यात सापडणार नाही.

१९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचा दुहेरी गोफ उलगडला. त्याचे दोन धागे एकमेकांना पूरक असतात. ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’, अशी अक्षरांची जोडी ठरलेली असते. प्रत काढताना गोफ उकलतो आणि प्रत्येक जुन्या धाग्यावर पॉलिमरेज हे एन्झाइम नवा जोडीदार धागा विणत जाते. म्हणून प्रत्येक नव्या गोफात एक धागा जुना आणि एक नवा असतो. १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी जिवाणूंवर प्रयोग करून हे सिद्ध केले आणि त्यासाठी जड नायट्रोजनच वापरला. सतरा वर्षांपूर्वी सुचवलेली युक्ती सफल झालेली हॉल्डेन यांना हयातीत पाहता आली.

मानवी पेशीत जनुकांच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. पेशी स्वतःच मुद्रितशोधन करते, त्यामुळे एक अब्ज अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. सिकलसेलच्या मुळाशी अशीच एका अक्षराची चूक आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ आला, एवढेच. पण प्रत काढणारी यंत्रणा मूळ मजकुराइतक्याच निष्ठेने झालेली चूकही नकलून काढते. हजारो वर्षांपूर्वीचा हा बदल आजच्या बालकापर्यंत पोहोचला तो त्यामुळेच.

घातक चूक कालांतराने नाहीशी व्हायला हवी होती, मग ती टिकली कशी? हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या संदर्भात त्याचे उत्तर सुचवले. दोषयुक्त जनुकाची एकच प्रत असलेला वाहक हिवतापाला अधिक समर्थपणे तोंड देत असावा. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिले. हिवतापाने ग्रासलेल्या गडचिरोलीच्या जंगलात हे जनुक का रुजले, याचा उलगडा त्यातून होतो. मात्र दोन्ही प्रती सदोष असलेल्या रुग्णाला हे संरक्षण मिळत नाही. उलट त्याच्यासाठी हिवताप अधिकच धोक्याचा ठरतो.

सुएझप्रकरणी ब्रिटनने केलेल्या आक्रमणाचा निषेध करीत हॉल्डेन १९५७ मध्ये पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. महालनोबिस यांच्या कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काही वर्षे काम केले. ते धोतर-कुडता वापरू लागले, शाकाहारी झाले आणि त्यांनी भारतीय नागरिकत्व पत्करले. १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले. तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

हॉल्डेन भारतात आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवर निबंध प्रसिद्ध केला. आज चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तविकार संशोधन केंद्र आहे आणि २०२३ पासून देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्नापूर्वीची रक्ततपासणी मोलाची. परंतु तपासणीत वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडणे, कुटुंबाला कलंकित मानणे, असे घडत असेल तर विज्ञान अर्धेच पोहोचले म्हणावे लागेल. ज्या अक्षराने आज वेदना होते, त्यानेच हिवतापाच्या रानात अनेक पूर्वजांना जगवले. वाहक असणे हा दोष नाही, ही समजही तपासणीच्या अहवालासोबत घरोघरी पोहोचली पाहिजे.