क्वेकर जॉन ब्राइट आणि दत्तकाचा हक्क

झाशीच्या किल्ल्यावर उभे राहिले की मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा राणी लक्ष्मीबाई येतात, आणि लगेच तो दत्तकविधी आठवतो. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधरराव नेवाळकर यांनी आनंदराव नावाच्या लहान मुलाला इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष शास्त्रोक्त दत्तक घेतले. मुलाचे नाव दामोदरराव ठेवले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तो दत्तक राज्यापुरता मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीने अर्ज केले, वकील दिला, करार दाखवले. उपयोग झाला नाही. पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. वेढ्याच्या वेळी झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिलेले ‘माझा प्रवास’ मध्ये लिहून ठेवले आहे. १८५८ च्या जूनच्या मध्यावर ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडल्या.

त्यानंतर साधारण एका आठवड्याने, २४ जून १८५८ रोजी, लंडनच्या पार्लमेंटमध्ये एक गृहस्थ हिंदुस्थानच्या कारभारावर बोलायला उभे राहिले. राणी गेल्याची वार्ता तिथे पोहोचायला अजून बरेच दिवस लागणार होते. त्या गृहस्थांनी मागितलेल्या गोष्टींत एक होती हिंदुस्थानातल्या लोकांचा दत्तकाचा हक्क निर्वेधपणे मान्य करण्याची. त्यांचे नाव जॉन ब्राइट. ते गिरणीमालक होते, नामांकित वक्ते होते आणि धर्माने क्वेकर होते. हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी फक्त ओटच्या डब्यावर वाचला असेल. त्यामागे एक मोठी साधना-परंपरा आहे. ब्राइट यांचे आयुष्य समजायचे तर आधी ती थोडी समजून घेऊ.

मौनात बसणारे लोक

सतराव्या शतकात इंग्लंड यादवी युद्धाने पोळले होते. प्रत्येक पंथ आपलाच देव खरा म्हणत होता. अशा काळात विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) खऱ्या धर्माच्या शोधात घर सोडून निघाला. तो धर्मोपदेशकांकडे गेला, पंडितांकडे गेला, कुठेच समाधान झाले नाही. १६४७ च्या सुमारास त्याला अनुभव आला की ईश्वर प्रत्येकाच्या अंतःकरणात थेट बोलतो आणि त्याच्याशी गाठ घालून द्यायला मध्यस्थ लागत नाही. प्रत्येक माणसात ईश्वराचा प्रकाश आहे, ही त्याच्या शिकवणीची गाभ्याची गोष्ट. त्याच्याभोवती जमलेल्यांनी स्वतःला ‘मित्र’ म्हटले. ईश्वरापुढे थरथर कापा, असे फॉक्सने न्यायाधीशाला सुनावले, म्हणून त्या न्यायाधीशाने थट्टेने ‘क्वेकर’, म्हणजे कापणारे, हे नाव दिले. तेच पुढे रूढ झाले.

त्यांची उपासना अगदी साधी. एका साध्या खोलीत सगळे शांत बसतात. वेदी नाही, मूर्ती नाही, ठरलेली प्रार्थना नाही. कुणाला आतून प्रेरणा झाली तर तो चार शब्द बोलतो आणि बसतो. पुरुष असो, स्त्री असो, बोलण्याचा अधिकार सर्वांना सारखा. कधी पूर्ण तास मौनातच जातो. समाजाचे निर्णयही मतमोजणीने होत नाहीत. सर्वांचे मन एका दिशेला वळेपर्यंत थांबतात.

या एका श्रद्धेतून बाकीचे आचरण ओघाने आले. प्रत्येकात ईश्वरी प्रकाश असेल तर माणसाला मारायचे कसे? म्हणून शस्त्र वर्ज्य. सगळे समान, तर सरदारापुढे टोपी काढून लवायचे कशाला? नेहमीच खरे बोलायचे, तर कोर्टात वेगळी शपथ कशाला? या हट्टापायी हजारो क्वेकर तुरुंगात गेले. फॉक्स स्वतः अनेकदा बंदिवासात होते. विल्यम पेन यांनी अमेरिकेत याच तत्त्वांवर पेनसिल्व्हेनियाची वसाहत वसवली. पुढे गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी १७८७ मध्ये लंडनला जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा सभासदांपैकी नऊ क्वेकर होते.

गिरणीतला मुलगा

जॉन ब्राइट यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८११ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल गावी झाला. वडील जेकब यांनी कष्टाने सूतगिरणी उभारली होती. जॉन क्वेकर शाळांमध्ये शिकले आणि पंधराव्या वर्षी गिरणीत कामाला लागले. विद्यापीठाची पायरी त्यांनी चढली नाही. पण घरी वाचन होते, आणि आठवड्याला मौनसभेत बसणे होते.

सार्वजनिक कामाची सुरुवात गावातल्याच अन्यायाविरुद्ध झाली. सरकारी चर्चच्या दुरुस्तीसाठी सर्वांकडून, अगदी त्या चर्चमध्ये पाऊल न टाकणाऱ्यांकडूनही, पट्टी वसूल होई. क्वेकरांनी पिढ्यानपिढ्या ती द्यायला नकार दिला आणि सामानाच्या जप्त्या सोसल्या. तरुण जॉन या लढ्यात पुढे आले.

१८३९ मध्ये त्यांचे एलिझाबेथ प्रीस्टमन यांच्याशी लग्न झाले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८४१ मध्ये, क्षयाने पत्नी गेली. पदरी लहान मुलगी. ब्राइट पार खचले. समाचाराला आलेले मित्र रिचर्ड कॉब्डेन यांनी त्यांना देशातल्या हजारो उपाशी घरांची आठवण दिली आणि आपल्या कामात सामील व्हायला सांगितले. त्या काळी परदेशी धान्यावर जबर जकात असे. त्यामुळे जमीनदारांचे भले होई आणि मजुराच्या ताटातली भाकरी महाग होई. ब्राइट उठले. पुढची पाच वर्षे दोघे गावोगाव फिरले, सभा घेतल्या, आणि १८४६ मध्ये धान्यावरचे ते कायदे रद्द झाले. स्वतःच्या दुःखात बुडालेला माणूस दुसऱ्याच्या भुकेकडे पाहून सावरला.

हिंदुस्थानकडे लक्ष

ब्राइट १८४३ मध्ये पार्लमेंटमध्ये गेले. क्वेकरांना तोवर शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापन करण्याची मुभा मिळाली होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून १८४८ मध्ये हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. सुरुवात धंद्याच्या गरजेतून झाली, हे लपवण्याचे कारण नाही. पण कागद चाळता चाळता त्यांना दिसले ते रयतेचे दारिद्र्य. मुलखात रस्ते नाहीत, कालवे नाहीत, आणि सारा मात्र चुकत नाही. जून १८५३ मध्ये कंपनीच्या कारभाराचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी त्यावर कडक टीका केली. त्याच वर्षाच्या अखेरीस झाशीत गंगाधरराव वारले.

१८५४ मध्ये इंग्लंड रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. सारा देश युद्धाच्या कैफात होता. ब्राइट विरोधात उभे राहिले. लोकांनी त्यांचा पुतळा जाळला. तरी फेब्रुवारी १८५५ मध्ये घरोघरी पोहोचणाऱ्या मृत्यूविषयी ते असे बोलले की सभागृह निःशब्द झाले. युद्ध थांबले नाही. १८५६ मध्ये त्यांचे मन आणि शरीर दोन्ही कोसळले. महिनोन् महिने वाचणे-लिहिणेही जमेना. १८५७ च्या मार्चमध्ये मँचेस्टरच्या मतदारांनी त्यांना पाडले. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमने निवडून दिले, तेव्हा हिंदुस्थानात वणवा पेटला होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उठाव मोडून काढण्याला ब्राइट यांनी विरोध केला नाही. राज्य कोसळले तर अराजक माजेल, असे त्यांना वाटले. शस्त्र वर्ज्य मानणाऱ्या त्यांच्याच पंथातल्या लोकांना हे खटकले असेल, आणि झाशीच्या बुरुजावर उभे राहून वाचणाऱ्या आपल्यालाही खटकते. पण लंडनमध्ये सूडाची भाषा चालू असताना ते त्या सुरात मिसळले नाहीत. अवधमधील जमिनी सरसकट जप्त करण्याच्या जाहीरनाम्याविरुद्ध ते मे १८५८ मध्ये बोलले.

आणि मग २४ जूनचे भाषण. त्यात त्यांनी कारभाराचा हिशेबच मांडला. एकट्या मँचेस्टर शहराने पिण्याच्या पाण्यावर जेवढा खर्च केला, तेवढासुद्धा कंपनीने चौदा वर्षांत संपूर्ण हिंदुस्थानातल्या लोकोपयोगी कामांवर केला नाही, हे त्यांनी दाखवले. मग मागण्या सांगितल्या : सर्वांना माफी द्यावी, जमिनीवरचे हक्क अबाधित राहावेत, धर्मात ढवळाढवळ नसावी, दत्तकाचा हक्क मानावा, संस्थानिकांचा सरकारशी वाद झाला तर तो ऐकायला न्यायासन असावे. देशाचे पाच समान प्रांत करावेत, म्हणजे इंग्रज कधी तरी निघून जातील तेव्हा ते आपल्या पायांवर उभे राहतील, असेही सुचवले. इंग्रज जाणार, हे १८५८ मध्ये पार्लमेंटमध्ये बोलणारे फार थोडे होते.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात माफी आणि धर्मस्वातंत्र्य आले. १८६० नंतर लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. हे एकट्या ब्राइट यांच्यामुळे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. उठावाने बसलेली दहशत त्यामागे होतीच, आणि ती दहशत बसवणाऱ्यांत झाशीची राणी होती. सातारा, नागपूर, झाशी मात्र परत मिळाली नाहीत. दामोदररावांचे आयुष्य इंदूरला गेले.

पदापेक्षा विवेक

पुढे अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी झाली. तिथला कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, ब्राइट यांच्या स्वतःच्या धंद्यालाही झळ बसली. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला तो याच काळात. तरीही ब्राइट गुलामगिरीच्या विरोधकांच्याच बाजूने ठाम राहिले. अब्राहम लिंकन यांच्या कचेरीत त्यांची तसबीर होती. १८६७ मध्ये शहरातल्या कामगारांना मताधिकार मिळाला, त्या चळवळीचेही ते अग्रणी होते.

१८६८ मध्ये ग्लॅडस्टन यांनी त्यांना हिंदुस्थानचे मंत्रिपद देऊ केले. ते त्यांनी घेतले नाही, व्यापारखाते घेतले. मंत्रिमंडळात बसणारे ते पहिले क्वेकर. रिवाजाप्रमाणे व्हिक्टोरिया राणीपुढे गुडघे टेकावे लागत. क्वेकर माणसापुढे गुडघे टेकत नाहीत हे जाणून राणीने त्यांना त्यातून सूट दिली. १८८२ मध्ये त्यांच्याच सरकारने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या. ब्राइट यांनी मंत्रिपद सोडले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

ते निर्दोष नव्हते. गिरणी कामगारांचे तास कायद्याने दहावर आणायला त्यांनी विरोध केला होता. स्त्रियांच्या मताधिकाराला एकदा पाठिंबा देऊन नंतर ते उलटले, आणि त्यांची थोरली मुलगी हेलन मात्र त्याच चळवळीत काम करत राहिली. अंतःप्रकाश सर्वांत आहे असे मानणाऱ्यालाही तो सगळीकडे एकदम दिसतोच असे नाही.

२७ मार्च १८८९ रोजी रॉचडेलमधील घरी ब्राइट यांचे निधन झाले. इतक्या मोठ्या पुढाऱ्याला गावातल्या क्वेकर सभागृहाच्या आवारात, इतरांसारख्याच साध्या जागी मूठमाती मिळाली.

क्वेकर लोक पुढे आपल्या भागातही आले. होशंगाबादेत इंग्लंडच्या मित्रांनी काम केले. १८९६ मध्ये झाशीच्या पूर्वेला, छतरपूरजवळच्या नौगावात डेलिया फिस्लर आणि एस्थर बेअर्ड या अमेरिकन क्वेकर स्त्रिया आल्या. बुंदेलखंडात दुष्काळ पडला होता, तेव्हा त्यांनी पोरक्या मुलांना आसरा दिला. १९४७ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकर सेवासंस्थांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपणही ध्यानाला बसतो, तेव्हा ब्राइट यांच्या आयुष्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मौनसभेतून उठल्यावर ते कागद वाचत, आकडे तपासत, आणि समोर अन्याय दिसला तर लोक काय म्हणतील याची वाट न पाहता बोलत. हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या घरांतल्या दत्तक मुलांचा हक्क त्यांनी आपल्या सभागृहात मांडला. राणीने अर्जांत जे मागितले होते, तेच तत्त्व एका परक्या माणसाने, तिला न ओळखता, तिच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात मागितले. झाशीला उशीर झाला होता. पण सत्य बोलायला उशीर झाला म्हणून ते बोलायचेच नाही, असे त्यांनी मानले नाही. उद्या सकाळी ध्यानातून उठल्यावर आपल्या गावात, आपल्या कचेरीत, आपल्या घरात असा कुणाचा हक्क अडून राहिला आहे का, एवढे तरी आपण पाहू या.