नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते परिचित आहेत. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा काळ अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे गेला. ईश्वराची सत्ता आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य यांचा संबंध त्यांच्या चरित्रात आणि काव्यात वारंवार पुढे येतो.

धर्मांतर

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेतील एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे ठरले. मात्र मधल्या काळात वाचन आणि चिंतन करून, आप्तांच्या वियोगाची किंमत जाणूनच त्यांनी हा निर्णय घेतला होता. त्यामुळे या घटनेकडे ईश्वरी पाचारण म्हणून पाहता येते, तसेच स्वतंत्र निवड म्हणूनही.

लक्ष्मीबाईंचा निर्णय

या निर्णयात पत्नी लक्ष्मीबाई यांना मत नव्हते. त्याचे दुःख मात्र त्यांच्या वाट्याला आले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर लक्ष्मीबाई बदलत गेल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे.

धर्मविचार

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत, त्याचे अहमदनगर येथील केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले होते. या मिशनच्या परंपरेवर कॅल्व्हिनच्या शिकवणीचा प्रभाव होता. तारण हे सर्वस्वी ईश्वराच्या कृपेने होते, असे ती शिकवण मानते. मग माणसाच्या हाती काय उरते, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना प्रश्न आहे. टिळकांच्या काव्यात त्याचे उत्तर वारकरी भक्तीच्या भाषेत आढळते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. 'अभंगांजली'मधील भक्त आपला अहंकार ख्रिस्तचरणी वाहतो. हे समर्पण कृपेमुळे घडते, तरी ते भक्ताने स्वेच्छेने करायचे असते.

अखेरचा काळ

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अनुयायांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपूर्ण होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.