बाळू पालवणकर : न झालेला कर्णधार
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या शिंदखेड्याच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीजवळ क्रिकेटचा विषय निघाला, की एक वाद हमखास रंगतो. पुढचा कर्णधार कोण? ज्यांनी आयुष्यात कधी बॅट हातात धरली नाही, तेही छातीठोकपणे नावे सुचवतात. याला काढा, त्याला घ्या, अमक्याचा वशिला आहे, तमक्याला मुद्दाम डावलले. एस.टी. लागली तरी वाद संपत नाही. एसटीबरोबर तो दोंडाईच्यापर्यंत जातो.

हा वाद आजकालचा असेल असे मला वाटायचे. पण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून क्रिकेटचा जुना इतिहास वाचू लागलो, तेव्हा समजले की शंभर वर्षांपूर्वी मुंबईतही हाच वाद रंगत होता. त्यात एक नाव वर्षानुवर्षे पुढे येत होते आणि वर्षानुवर्षे मागे ठेवले जात होते. ते नाव होते बाळू पालवणकर. ज्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, त्या थोर खेळाडूची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील पुण्याला लष्कराच्या नोकरीत होते. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा मात्र लवकरच सुटली. घरात खाणारी तोंडे जास्त आणि मिळवणारे हात कमी. ही गोष्ट खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी कोणी नसेल तर चार चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार ४ रुपये झाला. कामे तीच : जाळी लावणे, चुन्याच्या रेषा मारणे, खेळपट्टी तयार करणे. त्याबरोबर साहेबांना जाळीत गोलंदाजी करायची.

इथेच त्यांच्या कलेला पैलू पडले. ते डावखुरे मंदगती गोलंदाज होते. ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज रोज त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ८ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. खरे असो वा नसो, तासन्‌तास चांगल्या फलंदाजांना चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला एवढे नक्की. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तिथे कधी मिळाली नाही. बॅट ही साहेबांची वस्तू होती. चेंडू टाकणे हे चाकराचे काम होते.

त्या काळी पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. उत्तम गोलंदाज तर समोर होता, पण तो अस्पृश्य! घ्यावा की नाही, यावर क्लबात मोठी चर्चा झाली. शेवटी जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा वरचढ ठरली आणि बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावत होते. चेंडू बाटत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूंना चहा बाहेर मिळे, तोही वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी.

हे वाचताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. त्यांच्या तरुणपणी गावातल्या हॉटेलात काही कप बाहेर कोनाड्यात ठेवलेले असत. ज्याचे त्याने आपला कप घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाला की स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा. आजोबा हे हसत हसत सांगत. लहानपणी मलाही त्यात गंमत वाटे. आता वाटत नाही.

बाळूंच्या गोलंदाजीने पुण्याच्या संघाला विजय मिळवून दिले. त्यांचे जाहीर सत्कार झाले. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा रोखठोक सवाल न्यायमूर्ती रानडे यांनी केल्याचे सांगतात. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. खेळाच्या मैदानातून समाजसुधारणेचा प्रश्न असा अचानक उभा राहिला.

पुढे बाळू मुंबईला आले. रेल्वेत काम करू लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही सुरुवातीला काही सभासदांनी कुरकुर केली, पण अखेर त्यांना प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, तर युरोपियनांच्या १९१ आणि १०२. या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. वंगभंगाची चळवळ ऐन भरात असताना मिळालेल्या या विजयाने लोकांना किती आनंद झाला असेल! इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने तर या विजयाची दखल निराळ्याच कारणासाठी घेतली. पुण्यात ज्याला बाहेर बसवले, त्याला मुंबईत सोबत्यांच्या पंक्तीत बसता आले, ही त्या पत्राला धावांपेक्षा मोठी गोष्ट वाटली.

१९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीयांचा संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला. पण लीस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंटी संघांना त्याने हरवले. त्या वेळी बाळू पस्तिशीचे होते. त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून अधिक गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. ज्याला शाळा पुरी करता आली नाही, त्याने जगातल्या एका नामवंत विद्यापीठाचा निम्म्याहून जास्त संघ तंबूत परत पाठवला! परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. तरुण वयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही बाळूंचा फार अभिमान होता.

आता येतो कर्णधारपदाचा प्रश्न. १९१२ पासून मुंबई-पुण्यात चौरंगी सामने सुरू झाले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ. जिमखान्याच्या मैदानांभोवती हजारो लोक जमत. आणि हिंदू संघ निवडायची वेळ आली की दर वर्षी एकच चर्चा : या खेपेला तरी बाळू कर्णधार होणार का? सर्वांत अनुभवी खेळाडू तेच. इंग्लंडात नाव काढलेले तेच. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चौघेही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. एका घराने संघाला एवढे दिले, त्या घराला मान का नको, असे चाहते विचारत.

त्या चर्चा कशा होत असतील याची मी कल्पना करतो. गिरणीच्या फाटकापाशी, ट्राममध्ये, इराण्याच्या हॉटेलात. कोणी म्हणत असेल, यंदा नक्की. कोणी म्हणत असेल, अहो, कर्णधाराला लाटसाहेबाशी हस्तांदोलन करावे लागते, मेजवानीत बसावे लागते, तिथे यांना कोण बसवणार? कोणी नुसतेच हसत असेल. आणि निवड जाहीर झाली की नाव दुसऱ्याचेच. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी तर हा मान खरे म्हणजे आपल्या मित्राला, बाळूंना, मिळायला हवा होता असे जाहीरपणे सांगितले. ज्याला गादी मिळाली त्यानेच ती दुसऱ्याची असल्याचे कबूल करावे, असे उदाहरण दुर्मिळच.

१९२० साली हा प्रश्न चिघळला. बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी असल्यामुळे पहिल्या सामन्यासाठी नवा कर्णधार हवा होता. शिवराम आणि विठ्ठल दोघेही अनुभवी. परंतु कर्णधारपद मिळाले प्रा. दि. ब. देवधर यांना. देवधर थोर खेळाडू होते, पुढे त्यांनी महाराष्ट्राचे नाव मोठे केले. दोष त्यांचा नव्हता. दोष निवडीमागच्या विचाराचा होता. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते असे जाहीर निवेदन काढले. केवढे हे धैर्य! एरवी मुकाट्याने चेंडू टाकणाऱ्या घराने प्रथमच आवाज उठवला. वर्तमानपत्रांतून खळबळ उडाली. जे आजवर चाहत्यांच्या गप्पांत कुजबुजले जात होते, ते आता छापून आले.

याचा परिणाम झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळू परत संघात आले, तेही उपकर्णधार म्हणून. भाऊही परतले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळीस वर्षांचा तो गोलंदाज, पंचवीसएक वर्षे खेळल्यावर, दुसऱ्याच्या जागी काही वेळ कर्णधार झाला. बाळूंच्या वाट्याला एवढेच आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. तीन वर्षांनी, १९२३ साली, हिंदू संघाचे कर्णधारपद धाकट्या विठ्ठलकडे आले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. सामना संपल्यावर लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवले. ज्यांच्या वाडवडिलांनी त्यांच्या सावलीचाही विटाळ मानला असता, अशा लोकांचेही खांदे त्यात होते. त्या गर्दीत बाळूंना काय वाटले असेल, हे कुठे लिहिलेले मला सापडले नाही.

क्रिकेट सुटल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. स्वतंत्र मतदारसंघांचा मार्ग त्यांना पटत नव्हता. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत तेही होते. त्याच वर्षी भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्‌सवर झाला आणि सी. के. नायडू कर्णधार झाले. बाळूंचे वय तेव्हा छप्पन्न. कसोटीचा काळ त्यांच्यासाठी उशिराच आला. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. एके काळी ज्यांचा अभिमान बाळगला, त्यांच्याशीच लढण्याची वेळ यावी, हा काळाचा महिमा. मार्ग कोणाचा बरोबर होता हे इतिहासाने बऱ्याच अंशी ठरवले आहे. परंतु त्यामुळे बाळूंचे मैदानावरचे ऋण कमी होत नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीचे अवघे ३३ सामने आणि १७९ बळी, एवढीच त्यांची आकड्यांतली कमाई.

मित्रहो, बाळूंचे चरित्र वाचल्यापासून मला सारखी एक गोष्ट जाणवते. कर्णधार कोण व्हावा याची चर्चा आपण सगळे करतो. पण खेळपट्टीवर रोलर कोणी फिरवला, याची चर्चा कोणी करत नाही. विठ्ठलला खांद्यावर घेतले, त्या मिरवणुकीची वाट बाळूंनी तयार केली होती. तीन रुपये पगारावर, मातीच्या भांड्यातला चहा पिऊन, दर वर्षी दुसऱ्याचे नाव ऐकून.

माझा मोठा भाऊ नववीत शाळा सोडून दोंडाईच्याच्या बाजारात हमालीला लागला. मिरचीच्या हंगामात घरी येतो तेव्हा त्याचे डोळे लाल असतात आणि रात्रभर खोकतो. बुराई नदीच्या कोरड्या पात्रात आम्ही पोरे खेळायचो तेव्हा गावात त्याच्यासारखा चेंडू टाकणारा कोणी नव्हता. तो शिकला असता तर माझ्यापेक्षा चांगले शिकला असता, हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक असावे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिला म्हणून पाहुणेमंडळी माझे कौतुक करतात, तेव्हा तो कोपऱ्यात बसून ऐकतो आणि चहा आणायला उठतो.

हा लेख छापून आला की वार्षिकांकाची एक प्रत मी त्याला नेऊन देणार आहे. वाचायला त्याला वेळ लागेल. पण बाळूंची गोष्ट त्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल.