‘बंडा’ला ‘बंडा’नेच उत्तर

मतदार दिनाला तुमच्याही कॉलेजात कधीतरी पथनाट्य झालं असेलच. मी सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपने इथे जालन्यात केलं होतं. त्यात एक बायको होती. मत कुणाला द्यायचं ते नवऱ्याला विचारून विचारून त्याला भंडावून सोडणारी. ते काम एका मुलाने केलं, आईची साडी नेसून, पदर सारखा सावरत. अख्ख्या नाटकात सगळ्यात मोठा हशा तिथेच आला. स्क्रिप्ट माझी होती. तेव्हा लई भारी वाटलं होतं.

पुढे मास कॉमच्या अभ्यासात मराठी रंगभूमीचा इतिहास चाळताना कळलं की हा जोक माझा नव्हताच. तो शंभर वर्षांहून जुना आहे. आणि त्याला उत्तरही तेव्हाच देऊन झालंय. ते उत्तर देणाऱ्या बाईंची ही गोष्ट. नाव गिरिजाबाई केळकर.

आधी १९०७ सालात चला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी आणि त्या काळचे स्टार नाटककार. त्या एकाच वर्षात त्यांची दोन नाटकं आली. एक ‘कीचकवध’. द्रौपदीला छळणारा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे गुलामीतला आपला देश, हे पब्लिकला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. दुसरं नाटक ‘बायकांचें बंड’. पुराणातल्या राणी प्रमिलेचं स्त्रीराज्य, तिथे पुरुषांना थारा नाही, मग अश्वमेधाच्या घोड्यामागे अर्जुन येतो आणि शेवटी राणी त्याचीच होते. गोष्ट जुनी, पण नेम नवा होता. स्त्रियांच्या हक्कांची जी भाषा तेव्हा नुकती कानावर पडायला लागली होती, तिची ती थट्टा होती.

लक्षात येतंय का? वर्ष एक, लेखक एक. एका नाटकात द्रौपदीच्या सुटकेसाठी सगळं थिएटर पेटून उठतं. दुसऱ्यात बाईने स्वतःचं राज्य मागितलं की ते हसतं. खाडिलकरांना लगेच व्हिलन करू नका, माणूस मोठाच होता. पण देशाचं स्वातंत्र्य आणि बाईचं स्वातंत्र्य हे दोन वेगळे विषय आहेत असं तेव्हा भल्याभल्यांना वाटायचं.

आणि यातली खरी गंमत तर स्टेजवर होती. त्या काळच्या मोठ्या नाटक कंपन्यांत बायकांची कामं पुरुषच करायचे. म्हणजे बंड करणारी राणी पुरुष, तिच्या सखी पुरुष, तिचं सैन्य पुरुष. लिहिणारा पुरुष, वागणारे पुरुष आणि बंड मात्र बायकांचं! ‘वागणारे’ म्हणजे भूमिका करणारे, जुन्या नाटकवाल्यांचा शब्द आहे. आमच्या पथनाट्यात तरी वेगळं काय होतं, असा प्रश्न मला पडला आणि तो काही केल्या जाईना.

हे नाटक आलं तेव्हा गिरिजाबाई वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. माझ्यापेक्षा लहानच. जन्म १८८६ चा. माहेरचं आडनाव बर्वे आणि माहेरचं नाव, योगायोग बघा, द्रौपदी. लग्न होऊन केळकरांच्या घरात आल्या आणि गिरिजाबाई झाल्या. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांच्या त्या भावजय. न. चिं. सुद्धा टिळकांचे जवळचे, ‘केसरी’चे संपादक राहिलेले. म्हणजे खाडिलकर काही परके नव्हते, घरच्याच वर्तुळातले होते. आता स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघा. घरातल्या मोठ्या माणसाचा नामवंत सहकारी, त्याचं गाजलेलं नाटक, आणि त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं घरच्या सुनेने. आपण फॅमिली ग्रुपवर काकांच्या जोकखाली काही लिहायला दहादा विचार करतो.

गिरिजाबाईंचा संसार जळगावचा. १९१२ मध्ये त्यांचं ‘स्त्रियांचा स्वर्ग’ हे पुस्तक आलं आणि १९१३ मध्ये नाटक आलं, ‘पुरुषांचें बंड’. नावातच निम्मं उत्तर आहे. लेख लिहून तक्रार करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. थट्टा नाटकातून झाली होती, तर उत्तरही नाटकातूनच. समोरच्याचाच शब्द उचलला आणि त्याच्याच दारात नेऊन ठेवला.

जगात तेव्हा काय चाललं होतं तेही बघा, म्हणजे या उत्तराचं टायमिंग कळेल. लंडनमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायका मोर्चे काढत होत्या, तुरुंगात जात होत्या आणि सोबत नाटकंही करत होत्या. १९०८ मध्ये तिथल्या नट्यांनी मताधिकारासाठी स्वतःची संघटना काढली होती. १९०९ चं एक छोटं विनोदी नाटक तर धमाल आहे. बायकांना पुरुष सांभाळतात, मग त्यांना मत कशाला, असं सरकार म्हणतं ना? ठीक आहे. सगळ्या बायका कामधंदे सोडतात आणि आपापल्या जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या दारात बॅगा घेऊन हजर होतात, आता सांभाळा म्हणून! संध्याकाळपर्यंत पुरुष स्वतःच बायकांसाठी मत मागायला धावतात. मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टनला मोठा मोर्चा निघाला. तिथे सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर बायकांनी चित्ररथासारखे देखावे उभे केले होते. ‘पुरुषांचें बंड’ त्याच वर्षातलं. आपल्याकडे त्याच १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्यातली तारामतीही पुरुषच होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. गिरिजाबाई लंडनच्या बायकांसारख्या काचा फोडणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘गृहिणीभूषण’ आहे. घर मोडून बाहेर पडा, असं त्या सांगत नव्हत्या. घर चालवणाऱ्या बाईला मान द्या, शिक्षण द्या, हा त्यांचा सूर. मला आधी याचा जरा रागच आला. इतकं तडफदार उत्तर देणारी बाई इथे गप्प का बसते? पण १९१३ च्या जळगावात बसून पुरुषांच्या ‘बंडा’वर नाटक लिहिणं ही गोष्ट आपल्या आजच्या फूटपट्टीने मोजली तर फूटपट्टीच चुकेल, असं आता वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

त्या एका नाटकावर थांबल्याही नाहीत. ‘आयेषा’, ‘राजकुंवर’, ‘हीच मुलीची आई’ अशी नाटकं लिहीत राहिल्या. जळगावात बायकांसाठी भगिनी मंडळ उभं केलं. दरम्यान मताधिकाराची लढाई आपल्याकडेही पेटली. मुंबई प्रांतात त्यात पुढे होत्या रमाबाई रानडे, ‘उंच माझा झोका’ मालिकेमुळे तुम्हाला माहीत असलेल्या. मद्रासपाठोपाठ १९२१ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने बायकांना मत दिलं. सगळ्यांना नाही, मालमत्तेची अट होतीच.

आता जालनेकरांनी इकडे लक्ष द्या. जळगाव इथून किती लांब? भोकरदन, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, की आलं. पण तेव्हा मधे सरकार बदलायचं. तिकडे इंग्रजांचा मुंबई प्रांत, इकडे निजामाचं राज्य. तो १९२१ चा निर्णय घाट चढून आपल्याकडे आलाच नाही. १९४८ मध्ये मराठवाडा मोकळा झाला आणि इथल्या सर्वसामान्य बायकांनी, पुरुषांनीही, पहिलं मत टाकलं ते १९५२ च्या निवडणुकीत. घरी विचारा, तुमच्या पणजीने तेव्हा मत टाकलं होतं का. माझ्या घरी कुणालाच आठवत नाही.

१९२८ मध्ये मराठी नाट्यसंमेलन मुंबईत भरलं आणि अध्यक्ष झाल्या गिरिजाबाई. हा मान मिळालेली पहिली बाई. हे साल लक्षात ठेवा, कारण तेव्हाही नायिका बहुतेक ठिकाणी पुरुषच होते. ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या त्या १९३३ मध्ये. म्हणजे मराठी नाटकाने बाईला आधी अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं आणि स्टेजवर नायिका म्हणून पाय ठेवू द्यायला अजून काही वर्षं घेतली.

१९५९ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘द्रौपदीची थाळी’. माहेरचं नाव असं परत आलं. १९८० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्या गेल्या.

यंदा ज्युनिअर्सनी माझ्याकडे ती जुनी स्क्रिप्ट मागितली. फाइल पाठवली, फक्त तो सीन फिरवलाय. आता नवराच मत कुणाला द्यायचं ते बायकोला विचारून विचारून भंडावतो. त्याचं काम एक मुलगी करतेय. भावाची पँट कमरेला सैल होतेय म्हणून तालमीत सारखी वर ओढते, आणि ते इतकं नॅचरल दिसतं की तसंच ठेवायचं ठरलंय. हशा कुठे येतो ते २५ जानेवारीला कळेल.